फेस न येणारा साबण

“प्रधानसाब, आपकी रिपोर्ट में दवा चल रही है. मेरे पेशंट में नहीं चल रही.”

सोमवारी सकाळी डॉ. अन्सारींचा फोन आला तो असा. ते भिवंडीतले सर्जन, स्वतःचं छोटं नर्सिंग होम चालवायचे. मी त्यांच्यापासून दोन गल्ल्या अलीकडे एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मायक्रोबायॉलॉजिस्ट होतो. म्हणजे पेशंटच्या पुवातले, लघवीतले जंतू वाढवायचे आणि ते कोणत्या औषधाने मरतात ते डॉक्टरांना कळवायचं. कळवताना आवाज जरा खाली ठेवावा, हे मला तोपर्यंत कोणी शिकवलं नव्हतं.

“डोस बरोबर जातोय का, डॉक्टर?” मी म्हणालो. “पेशंट लोक गोळ्या उशीखाली सारतात.”

“गोळ्या नाहीत, इंजेक्शन आहे. सिस्टर शिरेतून देते, मी समोर उभा असतो. आज सातवा दिवस. पू थांबत नाही. अब हथेली की तरफ जा रहा है.”

“मग शुगर बघा.”

“शुगर नॉर्मल है. मेरा काम मुझे आता है, प्रधानसाब. तुमचं काम परत एकदा करा. नवीन सँपल पाठवतो. गुरुवारपर्यंत फरक पडला नाही तर त्याच दुपारी बोट काढणार.”

बोट होतं सुगंधा नावाच्या बाईचं. तिशीची असेल. वज्रेश्वरी रोडवरच्या एका खेड्यातून रोज येऊन भिवंडीत कांडी भरायची. लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, धोट्यात जी सुताची छोटी गुंडाळी बसते ती कांडी. मशीनवर एकीकडून रिकाम्या कांड्या लावायच्या, दुसरीकडून भरलेल्या काढायच्या, तुटलेलं सूत चिमटीत धरून जोडायचं. सगळा खेळ अंगठा आणि पहिल्या बोटाचा. मशीनच्या पट्ट्यात तिचं नेमकं उजव्या हाताचं पहिलं बोट सापडलं, आणि जखमेत पू झाला.

त्या पुवात मला स्टॅफ नावाचा जंतू मिळाला होता. जखमांमध्ये नेहमी सापडणारा. त्याच्यावर मी सेन्सिटिव्हिटी टेस्ट केली. ती अशी असते. काचेच्या बशीत, जिला आम्ही प्लेट म्हणतो, खरवसासारखं थिजलेलं खाद्य ओततात. त्यावर जंतू पसरतात आणि औषध शोषलेल्या कागदाच्या बारीक चकत्या ठेवतात. रात्रभर उबेत ठेवलं की जंतूंची पांढरट साय धरते. ज्या चकतीभोवती साय न धरता स्वच्छ गोल राहतो, ते औषध लागू. त्या गोलाला झोन म्हणतात. झोन पट्टीने मोजायचा, तक्त्याशी ताडायचा, रिपोर्ट लिहायचा. सुगंधाच्या जंतूला क्लॉक्सासिलिनच्या घराण्यातल्या चकतीभोवती चांगला गरगरीत झोन आला होता. मी ‘सेन्सिटिव्ह’ लिहिलं आणि सही ठोकली.

फोन ठेवल्यावर मी काय केलं, ते सांगायला हवं. मी लेक्चरच्या तयारीला परत बसलो. गावातल्या डॉक्टरांच्या एका मेळाव्यात माझं भाषण ठरलं होतं. विषय मीच सुचवला होता: भिवंडीतले जंतू सुधारत आहेत. गेला महिना-दीड महिना माझ्याकडे औषधाला न जुमानणारा एकही स्टॅफ आला नव्हता. आधी दर आठवड्याला एखादा तरी यायचा. डॉक्टर मंडळी अँटिबायोटिक जपून वापरू लागली आहेत, असा निष्कर्ष मी काढला होता. डॉक्टर मंडळींना तो आवडणार होता.

आता थोडं माझ्या विद्वत्तेबद्दल. एम.एस्सी.ला माझा प्रबंध डिटर्जंटवर होता. हे वाक्य वाचकांनी ध्यानात ठेवावं, कारण मी विसरलो होतो.

प्रत्येक जंतूला तेलकट पदार्थाचा एक अतिशय पातळ पडदा असतो. त्याला मेंब्रेन म्हणतात. त्यात प्रोटीनचे रेणू रुतून बसलेले असतात, साडीवर टिकल्या शिवाव्यात तसे. काही प्रोटीनं अन्न आत घेतात, काही आत शिरलेलं औषध पंपाने उपसावं तसं बाहेर टाकतात, काही पडद्याबाहेरची भिंत बांधतात. त्यांचा अभ्यास करायचा तर आधी ती पडद्यातून सुटी करावी लागतात. नुसत्या पाण्यात ती येत नाहीत. डिटर्जंट घातला की येतात, कारण त्याच्या रेणूचं एक टोक तेलाला धरतं आणि दुसरं पाण्याला. डिटर्जंट फार कडक घेतला तर प्रोटीन बाहेर येतं पण त्याची घडी मोडते, मग ते कुठल्याच कामाचं राहत नाही. फार सौम्य घेतला तर ते जागचं हलत नाही. माझी दोन वर्षं असं एक पंपाचं प्रोटीन शुद्ध करण्यात गेली. शेवटी हाती आलं ते मोडकं. प्रबंधाच्या शेवटच्या प्रकरणात मी लिहिलं होतं की डिटर्जंट घालणं सोपं, काढणं कठीण, कितीही धुतलं तरी थोडा मागे राहतोच. परीक्षकांना तेवढं एकच प्रकरण आवडलं होतं.

असो. सोमवारी दुपारी सुगंधाचं नवीन सँपल आलं. मंगळवारी जंतू वाढला, तोच स्टॅफ. मी नवीन प्लेटवर टेस्ट लावली. बुधवारी सकाळी झोन तेवढाच, उलट अर्धा मिलिमीटर जास्त. मला आनंद झाला. प्लेट घेऊन मी केबिनमध्ये गेलो.

लॅब डॉ. करंदीकर मॅडमची. मॅडम पॅथॉलॉजिस्ट, बोलणं मोजकं. त्यांनी प्लेट उजेडात धरून पाहिली.

“आठ दिवस इंजेक्शन चालू आहे?” त्यांनी विचारलं.

“आज नववा. पण रिपोर्ट पक्का आहे, मॅडम. दोनदा आला.”

“एकच चूक दोनदा केली तरी दोनदा येते. कंट्रोल दाखवा.”

कंट्रोल म्हणजे ओळखीचा जंतू. त्याचा झोन किती यावा हे आधीच ठाऊक असतं. दर आठवड्याला तो लावून पाहायचा, म्हणजे आपली टेस्ट ताळ्यावर आहे की नाही ते समजतं. मी रजिस्टर दिलं. मॅडमचं बोट रकान्यावरून खाली सरकत गेलं.

“सगळे वरच्या मर्यादेला टेकलेत.”

“टेकलेत म्हणजे आतच आहेत, मॅडम.”

“हा एक खोडून परत लिहिलाय.”

“तो एक मिलिमीटर बाहेर जात होता. मी दुसऱ्या पट्टीने मोजला.”

मॅडमनी रजिस्टर मिटून बाजूला ठेवलं. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

“दीड महिन्यात एकही रेझिस्टंट स्टॅफ नाही. याचं तुम्हाला काय वाटलं, प्रधान?”

“जंतू सुधारलेत, असं.”

“आपणहून?”

मी भाषणाचा विषय काढणार होतो, पण गिळला.

“गेल्या दोन महिन्यांत इथे काय बदललं?” मॅडमनी विचारलं.

मी विचार करून सांगितलं. चकत्यांचा नवीन डबा. खाद्याच्या पावडरीची नवीन बरणी. इन्क्युबेटर, म्हणजे उबेचं कपाट, दुरुस्त होऊन आलं होतं. एवढंच. मी अगदी प्रामाणिकपणे सांगितलं, एवढंच.

“अन्सारींचं ऑपरेशन उद्या दुपारी आहे. एकेक गोष्ट शोधायला वेळ नाही. दुसऱ्या लॅबच्या तयार प्लेट आणा, त्यांच्याच चकत्या आणा आणि हाच जंतू त्यांवर लावा.”

हे मला सुचायला हवं होतं. पगार मला त्यासाठीच मिळायचा.

ठाण्याला एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये माझी वर्गमैत्रीण अलका होती. स्कूटर काढली, कशेळीचा पूल ओलांडला, ट्रकच्या रांगांतून वाट काढत तिच्याकडे पोचलो. तिने सहा प्लेट आणि चकत्यांची एक कुपी थर्मोकोलच्या डब्यात भरून दिली. “तुझ्या प्लेटना काय झालं?” तिने विचारलं. “पावडरवाल्याने घोळ केलाय,” मी म्हणालो. निघण्याआधी तिच्याच फोनवरून मी पावडरच्या सप्लायरला चांगला दम भरला. क्वालिटी म्हणजे काय, ते त्याला पाच मिनिटं समजावून सांगितलं. तो बिचारा मधे मधे “सॉरी सर, बघतो सर” म्हणत राहिला. त्याची पावडर उत्तम होती.

डबा पायांत धरून परत आलो. संध्याकाळ व्हायच्या आत टेस्ट लावली आणि घरी गेलो.

गुरुवारी लॅब उघडताच मी कपाटाशी गेलो. अलकाच्या प्लेटवर जंतूंची साय चकतीला अगदी खेटून आली होती. झोन नाही. सुगंधाचा जंतू पक्का रेझिस्टंट होता. नऊ दिवस तिला जे औषध शिरेतून जात होतं, त्याने त्या जंतूचा केसही वाकडा झाला नव्हता. आणि ते औषध माझ्या सहीने जात होतं.

मी लगेच फोन लावला. सिस्टरने घेतला. “डॉक्टर राउंडवर आहेत.”

“त्यांना बोलवा. आजचं ऑपरेशन करू नका म्हणावं.”

अन्सारी आले. “बोलिए.”

“डॉक्टर, माझा रिपोर्ट चुकला. जंतू रेझिस्टंट आहे. क्लॉक्सासिलिन बंद करा, व्हॅन्कोमायसिन सुरू करा. बोट आज काढू नका.”

बाजूच्या कारखान्यातल्या लूमची खटखट तेवढी फोनवर येत होती.

“गलती किसकी है?”

“माझ्या लॅबची. कुठे झाली ते अजून समजलेलं नाही.”

“शोधा,” ते म्हणाले. “मी पू काढून घेतो, दोन दिवस थांबतो. बोटाच्या टोकाला अजून रक्त पोचतंय. पण दोनच दिवस.”

व्हॅन्कोमायसिन तेव्हा भिवंडीत कुठल्याही दुकानात मिळायचं नाही. अन्सारींनी माणूस पाठवून ठाण्याहून मागवलं. दुपारपर्यंत पहिला डोस गेला. मी लॅबमध्ये बसून हात चोळत होतो. सुगंधाला मी तोवर पाहिलंही नव्हतं, पण ती चिमटीत सूत धरतेय असं सारखं डोळ्यांसमोर यायचं.

मग शोधायला लागलो. नवीन चकत्या बाजूला ठेवून जुन्या डब्यातल्या उरलेल्या चार लावल्या. पावडरची जुनी बरणी तळाला खरवडली. इन्क्युबेटरमध्ये तीन थर्मामीटर ठेवले. तिन्ही एकच आकडा दाखवत होते. निदान कपाट तरी निर्दोष ठरलं. चकत्या आणि पावडर यांचं उत्तर उद्याशिवाय मिळणार नव्हतं.

चार वाजता डोकं जड झालं म्हणून मी स्वतःच चहा करून घ्यायला मागच्या खोलीत गेलो. तिथे मोरीवर चांगुणामावशी काम करत होती. चांगुणामावशी शेलार गावची. लॅबमधली सगळी काचेची भांडी तीच धुवायची: फ्लास्क, बाटल्या, प्लेट. त्या काळी आमच्यासारख्या लॅबमध्ये प्लेटही काचेच्या असत, धुऊन परत वापरायच्या. मावशी माझ्याआधीपासून तिथे होती आणि माझ्याशी कामापुरतं बोलायची. मोरीवर दोन टब होते. एका मोठ्या टबात फ्लास्क आणि प्लेट भिजत होत्या. दुसऱ्या छोट्या टबात आमचे चहाचे कप होते, आणि त्यात जुन्या साबणाच्या पावडरचा पांढरा फेस.

“मावशी, ही जुनी पावडर अजून आहे?”

“हाय ना. कपांपुरती ठेवलीय.”

“कप वेगळे का? मोठ्या टबात टाकायचे ना.”

“त्या पान्यात मी चहाचं कप न्हाय घालत, सर.” ती फ्लास्क घासत म्हणाली. “पोटात जाईल कुनाच्या.”

“धुतल्यावर कसं जाईल?”

तिने हात थांबवला. “धुतल्यावरच तर सांगतंय. ते धुतलं तरी जात न्हाय. बोट फिरवा, बघा.”

तिने पालथा घालून वाळवलेला एक ‘स्वच्छ’ फ्लास्क माझ्यापुढे केला. मी आत बोट घालून काचेवरून फिरवलं. ते घसरलं. मग तिने धुतलेला कप दिला. त्यावर बोट फिरवलं तर करकर आवाज आला.

“करकर वाजलं की समजायचं, धुतलं,” मावशी म्हणाली. “मी पहिल्या दिवशीच सांगितलंवतं तुमाला.”

सांगितलं होतं. मला आता आठवलं.

झालं होतं असं. दीड महिन्यापूर्वी पाण्याचे हाल सुरू झाले. टँकर आला तर आला. त्यात लोडशेडिंग, त्यामुळे डिस्टिल्ड वॉटरचं यंत्र अर्धा दिवस बंद. आमची जुनी पावडर भरपूर फेस करायची, आणि मावशीचा शिरस्ता असा की फेस जाईपर्यंत पाणी बदलायचं, वर दोनदा जास्तीचं. सहा-सात पाणी सहज जायची. मला एकदम शास्त्र सुचलं. माझा शाळेतला मित्र किशोर डाइंगचा कारखाना चालवायचा. कापडाला रंग घालण्यापूर्वी ते एक वेटिंग एजंट वापरतात. म्हणजे एक प्रकारचा डिटर्जंटच, सूत पटकन भिजावं आणि त्यातलं तेल, मांड सुटावं म्हणून. फेस होत नाही. मी किशोरकडून त्याचा एक कॅन उचलून आणला आणि मोरीसमोर उभं राहून मावशीला त्यावर भाषण दिलं. रेणूचं तेलाचं टोक, पाण्याचं टोक, सगळं सांगितलं.

ती ऐकून घेऊन म्हणाली होती, “सर, ह्याला फेसच न्हाय. संपलं ते कलनार कसं?”

“फेसच नाही म्हणजे कामच कमी, मावशी. दोन पाणी पुरे.”

“हाताला बुळबुळीत लागतंय पन.”

“ते तुमच्या हाताला. काचेला नाही.”

हे शेवटचं वाक्य माझं. डिटर्जंटवर प्रबंध लिहिलेल्या माणसाचं. फेस दिसतो म्हणून साबण आहे, फेस नाही म्हणून साबण नाही, एवढं साधं गणित मी करून टाकलं होतं. आणि मॅडमनी काय बदललं असं विचारलं तेव्हा मला कॅन आठवलासुद्धा नाही. भांडी धुणं माझ्या हिशेबी लॅबच्या कामात धरलेलंच नव्हतं.

आता जंतूचं काय झालं ते सांगतो. क्लॉक्सासिलिन जातीचं औषध जंतूची भिंत बांधणारी प्रोटीनं बंद पाडतं. भिंत अर्धवट राहते आणि जंतू फुटतो. रेझिस्टंट स्टॅफकडे एक जादा प्रोटीन असतं, त्याच पडद्याला धरून बसलेलं. हे औषध त्याला धरू शकत नाही, त्यामुळे ते भिंत बांधत राहतं. पण प्लेटमध्ये जर असा डिटर्जंट उतरला असेल तर जंतूच्या पडद्याची आणि भिंतीची घडी विस्कटते. जादा प्रोटीन असूनही काम नीट होत नाही, आणि एरवी हसण्यावारी नेलं असतं त्या औषधाने तो मरतो. औषध लागू पडतंय असं आपल्याला दिसतं. खरं तर अर्धं काम साबणाने केलेलं असतं. सुगंधाच्या बोटात किशोरचा वेटिंग एजंट नव्हता. तिथे औषधाला एकट्याने लढायचं होतं.

मी किशोरला फोन केला.

“दोन पाणी?” तो ओरडला. “अरे येड्या, आम्ही त्यानंतर कापड चार-चार वेळा उकळत्या पाण्यातून काढतो! आणि किती घातलंस टबात?”

“पावडर घालायचो तेवढंच. एक वाटी.”

“वाटी? ते झाकणाने घालतात!”

त्याच दिवशी दोन फ्लास्क आणि दोन जोड प्लेट घेतल्या. एक संच माझ्या पद्धतीने धुतला: वेटिंग एजंट, दोन पाणी. दुसरा मावशीने तिच्या पद्धतीने, जुन्या पावडरने, करकर वाजेपर्यंत. बाकी सगळं सारखं. तीच खाद्याची पावडर, तेच पाणी, त्याच चकत्या, तोच जंतू. शुक्रवारी दुपारी मॅडम, मी आणि मावशी टेबलाशी उभे राहिलो. माझ्या प्लेटवर देखणा झोन. मावशीच्या प्लेटवर साय चकतीला खेटलेली.

“मना काय समजत न्हाय,” मावशी म्हणाली. “माझी बिघडली काय?”

“तुमची बरोबर आहे,” मॅडम म्हणाल्या. “बिघडवलं ते सरांनी.”

मावशीने माझ्याकडे पाहिलं आणि कॅन उचलून मागच्या दाराबाहेर नेऊन ठेवला. आदल्या दिवशीच्या चकत्या आणि खाद्याच्या पावडरींचं उत्तरही आलं, नवं-जुनं सगळं सारखंच, दोष त्यांचा नव्हता. सप्लायरला फोन करून मी माफी मागितली. तो म्हणाला, “सॉरी सर.” सवयीने.

मॅडमनी दीड महिन्यातले स्टॅफचे सगळे रिपोर्ट काढायला लावले. “फोन तुम्ही करायचे,” त्या म्हणाल्या. “मी करणार नाही. मावशी तर नाहीच.” ठेवणीतले जंतू नवीन प्लेटवर लावून मी एकेका डॉक्टरला फोन केला. बहुतेक पेशंट बरे होऊन कधीच घरी गेले होते, कारण गळू कापून पू काढला की निम्मं काम तिथेच होतं. दोघांचं औषध बदलावं लागलं. एक डॉक्टर मोठ्याने हसले. एकांनी मला दहा मिनिटं काच कशी धुवावी ते सांगितलं आणि मी “हो सर, बरोबर सर” म्हणत ऐकलं. मेळाव्यातलं भाषण मी स्वतःहून रद्द केलं. जंतू आधी होते तसेच होते. सुधारायचं राहिलं होतं ते माझं.

शनिवारी अन्सारींचा फोन आला. “बुखार उतर गया. पू कमी है. उंगली बच जाएगी, लेकिन बीच का जोड़ अकड़ जाएगा.” मधला सांधा वाकणार नव्हता. थोडे दिवस आधी बरोबर औषध मिळालं असतं तर कदाचित वाकला असता, असं त्यांनी म्हटलं नाही. मीही विचारलं नाही. दोघांनाही ठाऊक होतं.

महिन्याभराने, एका शुक्रवारी लूम बंद असताना, सुगंधा लॅबमध्ये आली. अन्सारींकडे बोट दाखवून झालं होतं. सोबत पळसाच्या पानांचा एक द्रोण, त्यात काळीभोर करवंदं. काउंटरवर द्रोण ठेवून तिने विचारलं, “प्रधान सर कोन?”

“मीच.”

“डॉक्टर बोलले, लॅबवाल्या सरांनी येळेवर सांगितलं म्हनून बोट राहिलं. तुमच्यासाठी आनलीत.”

अन्सारींनी मला सांभाळून घेतलं होतं. मी द्रोण उचलून आभार मानले असते तरी कोणाला काही समजलं नसतं. मी तिच्या बोटाकडे पाहिलं. ते सरळ होतं, छडीसारखं ताठ. बाकीची चार बोटं द्रोणाच्या कडेला वाकलेली, आणि हे एक वर राहिलेलं. मला लाज वाटली. अजून वाटते.

“सुगंधाबाई, पहिला रिपोर्टही मीच दिला होता,” मी म्हणालो. “तो चुकला. नऊ दिवस तुम्हाला नको ते औषध गेलं. तुमचं बोट वाकत नाही, ते त्यामुळे.”

“कसा काय चुकला?”

“आमच्या भांड्यांना साबण राहिला होता.”

तिला खरंच वाटेना. “म्हंजे भांडी धुतली न्हवती नीट?”

“नाही.”

“येवढ्या लॅबमदी?”

“हो.”

“आमच्या घरी आसं झालं आसतं तर सासूनी मना उंबऱ्यात उभी न्हाय केली आसती.” ती रागाने बोलली नाही. नवल करत बोलली, आणि ते मला जास्त लागलं. मग तिने आपल्या बोटाकडे बघितलं. “आता मधल्या बोटानी सूत धरते. येतंय. जरा उशीर लागतो.”

मी खुर्ची पुढे सरकवली. ती बसली नाही.

“आता भांडी कोन धुतंय?” तिने विचारलं.

“चांगुणामावशीच. आधीही तीच धुवायची. तिने मला सांगितलं होतं, मी ऐकलं नाही.”

“कुठं हाय ती?”

“मागे मोरीवर.”

सुगंधाने काउंटरवरचा द्रोण उचलला आणि माझ्या बाजूने सरळ आत निघून गेली. मोरीवर दोघींचं काहीतरी बोलणं झालं. जाताना तिने मला हात जोडले, तेव्हा हातात द्रोण नव्हता.

त्यानंतर मी नोकरीत होतो तोवर एक नियम पाळला. लॅबमध्ये नवीन काही आणायचं झालं की पहिल्यांदा मोरीवर जाऊन विचारायचं, कंपनीच्या माणसाला नंतर. मावशी दर वेळी बोट फिरवून बघायची आणि हो किंवा नाही सांगायची. कारण तिने कधी सांगितलं नाही, आणि मीही पुन्हा कधी तिला रेणूची टोकं समजावली नाहीत.